घरच्या माणसाची मजुरी

शिंप्याला हिशेबाच्या वर्गाला जायला सवड नव्हती, म्हणून त्यानं बहिणीला पाठवलं. नवरा वारल्यापासून ती त्याच्याकडेच होती. "तू तशीही रिकामीच असतेस," तो म्हणाला. तेव्हा ती त्याच्याच दुकानात, त्याच्याच गिऱ्हाइकाच्या कोटाला काजं करत होती. रिकामी म्हणे!

वर्ग घेणाऱ्या बाई फटकळ होत्या. बेकरीवाला असो की कुलपं दुरुस्त करणारा, सगळ्यांना एकच दम. "दुकानात जो जो राबतो त्याची मजुरी खर्चात धरा. घरचं माणूस असलं तरी धरा. नाहीतर तुमचा नफा म्हणजे शुद्ध थाप." बहिणीनं मान खाली घालून लिहून घेतलं, पण डोक्यात स्वतःचीच मजुरी घोळत होती. तिला एक खोली हवी होती. भाड्याची का असेना, आतून कडी लावता येईल अशी. वहिनीच्या कपाळावरच्या आठ्या न बघता जिथं चहा पिता येईल.

दुकानाचा हिशेब तिनं पुन्हा पुन्हा तपासून मांडला. दोरा, अस्तर, वीज, भाडं, कारागिराची मजुरी. सगळ्यात खाली स्वतःची, कारागिराच्या निम्मी. पूर्ण लिहायचा धीर झाला नाही. तेवढ्यानंही नफा जाऊन तोटा आला.

संध्याकाळी दुकान आवरताना तिनं कागद भावापुढे ठेवला आणि बाईंसारखी एकेक ओळ समजावून सांगितली. तो कधी नव्हे ते कान देऊन ऐकत होता.

"दादा, फार नाही मागत. एका खोलीपुरतं दे."

शिंपी आकड्यांवरून बोट फिरवत राहिला. "म्हणजे दुकान तुझ्यामुळे तोट्यात आहे," तो म्हणाला.

"माझ्यामुळे कसं, दादा?"

"अगं, तूच लिहिलंयस की." तो चिडला नव्हता. उलट इतकी वर्षं डोक्यात न शिरलेला विषय एकदम उमगल्यामुळे मेला खूश दिसत होता. त्यानं पेन तिच्या हातात दिलं. "आता तुझ्याकडून येणं लिही. जेवण, औषधपाणी, राहणं. आलीस त्या दिवसापासून. घरचं माणूस असलं तरी धरायचं, असंच ना?"

बाईंनी तसंच शिकवलं होतं. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचीच जास्त चीड आली. जेवण लिहिलं, औषधं लिहिली. राहण्यापाशी हात थांबला.

"मी तुझ्या स्वयंपाकघरात झोपते, दादा. त्याचं काय धरू?"

शिंप्यानं मनापासून विचार केला.

"एका खोलीचं भाडं धर," तो म्हणाला.