आंब्याचे तीन पेले

दुपारी तीनला संगीतानं फ्रीजरमधून आठ स्टीलचे पेले काढले तेव्हा ओट्यावर पोरं ताटकळत बसली होती. नांदूरघाटच्या त्या गल्लीत उन्हाळाभर पोरं रंगाचं गारीगार खायची आणि घसा धरून बसायची. म्हणून यंदा तिनं घरीच करायला घेतलं होतं. पाच पेल्यांत टरबुजाचा नुसता रस, तिनांत आंब्याचा. साखर नाही, रंग नाही.

"पाणीबी उकळून गार केलंय, काकू. बिनघोर खाऊ द्या," असं तिनं शेजारच्या बायनाबाईंना सांगितलं होतं.

चार वाजले आणि बायनाबाईंचा नातू सत्यम ओट्यावरून उठेना. तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं भिजलं होतं. मग उलटी झाली. पाठोपाठ अंजूला आणि तिच्या धाकट्या भावालाही. तिघांनीही आंब्याचंच खाल्लं होतं.

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये सत्यमला मांडीवर घेऊन बायनाबाई एवढंच म्हणाल्या, "तुझी लेक सायली बरी हाय. आमच्याच लेकरांना काहून झालं गं?"

संगीताला उत्तर माहीत होतं. सकाळी आंब्याचा रस फार दाट झाला होता आणि उकळलेलं पाणी संपलं होतं. नुकत्याच आलेल्या टँकरनं भरलेल्या ड्रममधून तिनं एक तांब्या घेतला होता. एका तांब्यानं काय होतंय, असं तिला वाटलं होतं. कोणी पाहिलं नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांनी सत्यमच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे साधं पोट बिघडलेलं नाही. फवारणीचं औषध पोटात गेलंय. फळं कुठून आणली?"

आठवडी बाजारातून, म्हटलं असतं तर सगळं त्या फळवाल्यावर गेलं असतं. सगळे तिच्याकडे बघत होते.

"फळांचं न्हाई, डॉक्टर," ती म्हणाली. "आंब्याच्या पेल्यांत मी ड्रममधलं पाणी घातलं. सकाळच्या टँकरचं. न उकळता."

बायनाबाईंनी तिच्या दंडावरचा हात काढून घेतला.

डॉक्टर इंजेक्शन भरता भरता थांबले. "ते पाणी अजून कोण प्यायलं?"

गल्ली जारचं पाणी प्यायची, टँकरचं धुण्याभांड्याला वापरायची. पण टँकर भगवानरावांच्या विहिरीवर भरायचा आणि त्याची दुसरी खेप त्यांच्याच मळ्यातल्या मांडवाला गेली होती. आज संध्याकाळी त्यांच्या नातवाचं जावळ होतं, तीनशे माणसांचं जेवण. डॉक्टरांनी दोनदा फोन लावला, कोणी उचलला नाही. लेकरांना घेऊन गाडी केजच्या मोठ्या दवाखान्याकडे निघाली आणि संगीता कंपाउंडरच्या मोटरसायकलवर मळ्याकडे.

मांडवात स्पीकर दणकत होता. लिंबू सरबतानं भरलेल्या पिंपाभोवती पोरं पेले घेऊन उभी होती.

"आबा, हे कुणाला पाजू नका," ती भगवानरावांपुढं जाऊन म्हणाली. "या पाण्यात औषध हाय. तीन लेकरं दवाखान्यात नेलीत."

"माझ्या हिरीचं पाणी हाय ते. तुझ्या गारीगारनं पोरं पडली, असं आत्ताच कळालं मला."

"खरं हाय. माझ्याच हातानं दिलं. म्हणून तर आले."

कुणीतरी हसलं. वाढप्यानं पिंपात डाव घातला. संगीतानं त्याच्या बाजूनं आत घुसून पिंपाला खांदा लावला. पिंप आधी नुसतं हललं, मग आडवं झालं. सरबत सतरंजीखालून वाहत पाहुण्यांच्या चपलांपर्यंत गेलं. दोघांनी तिचे हात धरले.

"मालक." मांडवाच्या कडेला हरिबा उभा होता, मळ्यातली शेरडं राखणारा. "तिला सोडा. हौदावर पाणी प्यालेली चार शेरडं तोंडाला फेस येऊन पडलीत. मी तेच सांगायला आलतो."

भगवानरावांनी स्पीकर बंद करायला लावला आणि वरणाचं पातेलं स्वतः आडवं केलं. मांडवातलं एक माणूसही आजारी पडलं नाही. आदल्या दिवशी गड्यानं फवारणीचा पंप विहिरीवरच धुतला होता आणि ते पाणी विहिरीत उतरलं होतं, हे अंधार पडायच्या आत बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगीता केजच्या दवाखान्यात पोचली तेव्हा अंजू आणि तिचा भाऊ उठून बसले होते. सत्यमला अजून सलाईन चालू होतं. ती दारातच थांबली. बायनाबाईंनी तिला पाहिलं आणि सत्यमच्या अंगावरची चादर सारखी केली. अर्धा तास गेला. मग सत्यमनं डोळे उघडून भूक लागली म्हटलं, आणि नर्स त्याच्यासाठी पेज आणायला गेली.

बायनाबाईंनी थर्मासमधला चहा कपात ओतला आणि तिच्यापुढं धरला.

"घे," त्या म्हणाल्या. "लई चुकलीस तू. पन तिथं बोललीस म्हणून डॉक्टरला पाण्याचं कळालं."

संगीतानं कप घेतला. तो दोन्ही हातांनी धरून ती बायनाबाईंच्या शेजारी फरशीवर बसली.