हळदीचा डाग

मित्रांनो, जवळ या आणि आधी माझा वास घ्या! ज्वारीचं पीठ, मोहरीची फोडणी आणि आंबटसर सिरका, असे तीन वास एकाच लाकडात कुठे मिळायचे? मी एक म्हातारी काठवट आहे, म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात.

जवळा बाजारच्या रामजी सुतारांनी मला सागाच्या एका ओंडक्यातून कोरून काढलं. ब्याण्णव साली चंद्रभागाबाईंनी मला बाजारात टकटक वाजवून पारखलं आणि कनेरगाव नाक्याला आणलं. तिथे त्यांच्या मालकांचा, ज्ञानबांचा धाबा होता. काय दिवस होते ते! ट्रक थांबले की माझ्यात पिठाचा ढीग पडायचा. ड्रायव्हर भाकरीची तारीफ करायचे आणि मला वाटायचं, हे माझंच कौतुक चाललंय.

पुढे स्टीलची परात आली. हलकी, चकचकीत बया! माझी रवानगी परसात झाली. कोंबड्या माझ्यातल्या कण्या टिपायच्या, उन्हानं काठाला चीर पडली. फार वाईट वाटायचं हो.

मग दोन हजार सहा साली चंद्रभागाबाईंचा एकुलता एक मुलगा, हनुमान, पुण्याहून आला. तिथल्या एका जपानी हॉटेलात तो सुशी बनवायचा, म्हणजे कच्चा मासा घालून वळलेला भात. मंद दिवे, बुटकी टेबलं आणि इवल्याशा पेल्यांत गरम साके, म्हणजे तांदळाची दारू. त्याला जपानला जायची संधी आली होती, पण ज्ञानबा हो म्हणेनात. पोरगं तिकडं जाऊन घर विसरंल, ही त्यांची धास्ती. शेवटी म्हणाले, काय करतोस ते आधी खाऊ घाल, मग सांगतो.

हनुमाननं धाब्याचंच जपान केलं! बाजा हलवल्या, गोधड्या अंथरल्या, बल्बांना पतंगाचा कागद गुंडाळला. सुशीचा भात लाकडात निववतात, म्हणून लाकडी भांडं शोधत तो परसात आला आणि त्याला मी दिसले. त्यानं मला घासूनपुसून लख्ख केलं. अहो, मला तर नाचावंसं वाटलं! पुण्याहून आणलेला सगळा तांदूळ शिजवून त्यानं माझ्यात पसरला, वर सुशीच्या रीतीनं सिरका शिंपडला आणि मासा भाजायला चुलीकडे गेला. कच्चा मासा इथल्या उन्हात नको, असं तो म्हणाला होता.

तेवढ्यात चंद्रभागाबाई आल्या. त्यांनी वाकून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. अगं बाई, भात आंबला! आज लेकराची परीक्षा आणि हे असं? त्यांच्या घरात आंबूस भात टाकत नसत, त्याला फोडणी देत. झालं! मोहरी, हळद, मिरच्या, सगळं चर्रकन माझ्यावर आलं.

हनुमान परतला आणि जागीच थबकला. सुशीचा दुसरा तांदूळ नव्हता.

"भात आंबून गेला व्हता बाबू. म्या सावरून घेतला," त्या हसत म्हणाल्या.

माझा जीव टांगणीला लागला. हनुमाननं माझ्यातला पिवळा घास उचलून तोंडात टाकला.

"बरं झालं माय, तू बघितलंस," तो म्हणाला.

त्यानं तोच पिवळा भात समुद्री शेवाळाच्या काळ्या पापुद्र्यात वळला, आत मासा आणि काकडी घातली, कापून मांडला. तांड्यावरचे गुलाबसिंग पाहुणे होते. हनुमाननं पुण्याहून आणलेली साके अगदी औषधासारखी लागते, म्हणाले, आणि पेला पुन्हा पुढे केला. ज्ञानबांनी साकेला हात लावला नाही. सुशी मात्र ते एकामागून एक खात होते. चंद्रभागाबाई पाणी आणायला उठल्या, तेव्हा हळूच बोलले.

"भात आंबला नव्हता, मला ठाव हाय. इतकी सालं धाबा चालवून राहिलो म्या. तरी तू मायला बोलला न्हाईस. जाय आता, कुठंबी जाय."

हनुमान वाढायचं सोडून ढसाढसा रडला.

निघताना त्यानं मला मागून घेतलं. रिकामी काठवट देऊ नये म्हणून चंद्रभागाबाईंनी माझ्यात मूठभर ज्वारीचं पीठ टाकलं. आता जपानातल्या एका हॉटेलात रोज माझ्यात भात निवतो, काय थाट आहे माझा! हनुमान मला रोज पुसतो, पण हळदीचा डाग घासत नाही.

मित्रांनो, तुमच्या परसात माझी एखादी बहीण उन्हात पडली असेल, तर तिला सावलीत घ्या, तेलाचं बोट लावा. आणि एक करा. तो भात आंबला नव्हता, हे चंद्रभागाबाईंना अजून कोणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.