बारा मेंढ्या, सहा कुप्या

मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता जिंतूरजवळच्या माळावर कासाबाईने आपल्या बारा आजारी मेंढ्यांची लोकर कातरून काढली.

सव्वादहाला पशुवैद्यक संशोधक सुकेशनी आल्या आणि कातरलेल्या पाठी बघून थबकल्या.

"मावशी, सहाजणींच्या पाठीवर निळा रंग होता!"

"हाय की, त्या ढिगात. अंग तव्यावानी तापलं व्हतं. ताप आला की आमी कातरतो."

मेंढ्यांना बुळकांडी हा विषाणूमुळे होणारा रोग झाला होता. सुकेशनींचं प्रायोगिक औषध विषाणूला थेट मारत नव्हतं. मेंढीच्या पेशींत मायक्रोआरएनए नावाचे बारीक रेणू असतात. विषाणू त्यांतला एक रेणू स्वतःच्या वाढीसाठी वापरतो. औषध तोच रेणू अडवून ठेवतं. शनिवारी सहा मेंढ्यांना पहिली सुई दिली होती, बुधवारी त्याच सहांना दुसरी द्यायची होती. कुप्या सहाच. पहिली न घेतलेल्या मेंढीला दिली तर कुपी वाया, आणि खरी मेंढी अर्ध्या उपचारावर. कानात बिल्ले मारायला कासाबाईचा नवरा येडबा याने नकार दिला होता, म्हणून ओळखीसाठी पाठीवर रंग लावला होता.

"रंग खुराला लावायचा, बाई," येडबा म्हणाला. "मेंढी काय भिंत हाय?"

"मला इचारा," कासाबाई म्हणाली. "सुई टोचताना मीच धरल्या व्हत्या." तिने एकेकीवर हात ठेवला. सहाव्या, काळतोंडी नावाच्या मेंढीपाशी येडबा अडला.

"ही न्हवं. हिची बहीण."

"गप बसा! तुमी तवा तंबाखू मळायलते."

"दोघी गाभण हायत. चुकलीस तर एक जाईल."

कासाबाईने काळतोंडीवरचा हात काढून घेतला.

सुकेशनींनी बाराही जणींचं रक्त घेतलं. जिला औषध मिळालं, तिच्या रक्तात तो रेणू कमी दिसायला हवा. बर्फाच्या डब्यातून नमुने परभणीला गेले.

बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचा फोन आला. औषध मिळालेल्या पाच मेंढ्या कासाबाईने दाखवलेल्याच निघाल्या. काळतोंडी आणि तिची बहीण, दोघींचे आकडे मधलेच होते, ना पुरते कमी, ना नेहमीइतके. त्यांची तपासणी पुन्हा लावली होती.

पाच सुया टोचून झाल्या. सहावी कुपी साडेसहापर्यंतच वापरता येणार होती.

"तुम्ही सांगा, मावशी."

"काल छातीठोक सांगितलं व्हतं. आता खातरी वाटत न्हाय," कासाबाई म्हणाली. तिने दोघींच्या गळ्यात हात घातले होते.

सव्वापाचला काळतोंडीचा ताप एकशे चार पूर्णांक दोन होता, बहिणीचा एकशे चार पूर्णांक तीन; तापावरूनही काही ठरवता येईना. कुपीला सव्वा तास उरला होता, आणि परभणीहून दुसऱ्या तपासणीचा फोन आलेला नव्हता.