बुंदीची गोळी

टीनानं फोनवर अकरा सूचना दिल्या होत्या आणि देवीदासनं त्या ऑफिसातल्या सवयीप्रमाणे कागदावर उतरवून घेतल्या होत्या. टोपलीला हवा लागली पाहिजे. आत माझी जुनी ओढणी टाका. निघायच्या चार तास आधीपासून खायला देऊ नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय कोणतंही औषध द्यायचं नाही. या शेवटच्या सूचनेखाली तिनं रेघ मारायला लावली होती. देवीदासनं रेघ मारली, कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि सकाळी अर्जुनीहून निघण्याआधी बुंदीला गोळी दिली.

बुंदी ही टीनाची मांजर, अंगावर केशरी ठिपके असलेली. लेक नोकरीला गोंदियाला गेली आणि मांजर आठ महिने बापाकडे राहिली. या आठ महिन्यांत तिनं बापाच्या दोन्ही हातांवर जिल्ह्याचे नकाशे काढले होते, तालुक्यांच्या सीमांसकट. आता टीनाला खोली मिळाली होती, तिथं मांजर ठेवलेली चालत होती. पण रेल्वेच्या भर डब्यात ही बया टोपलीतून सुटली तर काय, या विचारानं देवीदासचं जेवण सुटलं. म्हणून स्वतःची, बसमध्ये उलटी होऊ नये म्हणून घ्यायची गोळी. तिचा चौथा हिस्सा, दुधात. चौथ्या हिश्शानं कोणी मरत नाही, असं त्याचं मत होतं. त्याची बहुतेक मतं अशीच, कुणाला न विचारता तयार झालेली होती.

गाडी सुटली. बुंदी गप्प. पहिल्या स्टेशनापर्यंत देवीदासला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. दुसऱ्या स्टेशनानंतर ते जरा उतरलं. सौंदडला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली, तेव्हा बायकोचा, अंजनाचा फोन आला.

"कुठवर गेले जी?"

"सौंदडले आहो. मांजर झोपून आहे."

"झोपनच ना. म्या गोळी देल्ली तिले."

देवीदासनं टोपलीकडे पाहिलं.

"माही झोपेची. अर्धीच. सुक्या झिंग्यात मिसळून. तुमाले सांगतलं असतं त तुमी टीनाले सांगतलं असतं."

तीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं एकमत पहिल्यांदाच झालं होतं, आणि ते टोपलीत निपचित पडलं होतं.

सकाळी ज्या टोपलीजवळ जायला तो कचरत होता, तिच्यात त्यानं मनगटापर्यंत हात घातला. अंग कोमट होतं. पण हाताखाली काहीतरी हलतंय ते मांजर की आपलाच हात, हे त्याला कळेना.

तेवढ्यात शामकला नावाची एक मासोळीवाली डब्यात चढली आणि तलावातल्या ताज्या मासोळीची टोपली घेऊन समोर बसली.

"टोपलीत का आहे गा भाऊ?"

"मांजर."

तिनं लगेच आपल्या टोपलीवर पदर ओढला आणि वाट पाहिली. समोरची टोपली हलली नाही. तिनं पदर थोडा बाजूला केला. तरी नाही.

"बुढी आहे का?"

"ना. तीन वर्साची."

"मंग हे बरं नाही गा भाऊ. मासोळी इतकी जवळ, अन् कान बी हालवत नाही."

देवीदासनं खिशातला कागद काढला, रेघेकडे पाहिलं, आणि टीनाला फोन लावला.

"म्या गोळी देल्ली. तुह्या मायनं बी."

तो ओरडा खायला तयार होता. टीना ओरडली नाही.

"कोनत्या गोळ्या? किती वाजता?" तिनं सगळं विचारून घेतलं. "झाकन उघडा. कुशीवर ठेवा, मान सरळ. तोंडात काहीच टाकू नका, पानी बी नाही. श्वास पाहत राहा. मी डॉक्टरले घेऊन फलाटावर येतो."

शामकलानं न विचारताच बुंदीला ओढणीसकट मांडीवर घेतलं आणि तिच्या बरगडीवर दोन बोटं ठेवली.

"आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आहे."

शेजारच्या रुळावरून कोळशाची मालगाडी आली. तिचे डबे संपेचनात. देवीदासला शामकलाचे नुसते ओठ दिसत होते. आहे. आहे. मग ओठ थांबले. एक डबा गेला, दुसरा, पाचवा. तिनं बोटं जरा सरकवली आणि मान वाकवली. देवीदासनं ऑफिसात आपल्या टेबलासमोर पुष्कळ लोकांना थांबायला लावलं होतं; थांबणं म्हणजे काय, ते त्याला आज कळत होतं.

"आहे," शेवटी शामकला म्हणाली. तिच्याही कपाळावर घाम होता.

गाडी हलली. गोंदिया अजून दूर होतं. देवीदासनं बुंदीच्या पंजाखाली आपलं बोट सरकवलं आणि तिथंच ठेवलं. किती स्टेशनं गेली, ते त्यानं पाहिलं नाही. गोंदियाची घरं दिसायला लागली, तेव्हा पंजा किंचित आवळला. एक नख बाहेर आलं आणि हळूहळू, आळसावल्यासारखं, त्याच्या बोटात रुतलं. रक्ताचा थेंब ओढणीवर पडला.

"लागलं ना गा भाऊ," शामकला म्हणाली. "काढा ना बोट."

"राहू द्या," देवीदास म्हणाला, आणि त्यानं दुसरं बोटही पुढे केलं.