शेहेचाळीस आणि अठ्ठ्याण्णव

जोतीरामांनी बावीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढली होती. उसाच्या गाडीत कुठं दगड दडवलेत, हे त्यांना ड्रायव्हरच्या तोंडावरून कळायचं. त्यामुळं "आबा, लॉ सीईटीला अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल पडलं!" असं राजनंदिनीनं सांगितलं, तेव्हा घरातले पेढ्यांच्या गोष्टी करू लागले आणि ते लेकीच्या तोंडाकडं बघत राहिले.

बी.एस्सी.ला ह्या पोरीला शेहेचाळीस टक्के. वकिलीला जायला निदान पंचेचाळीस लागतात, म्हणजे थोडक्यात वाचली. आणि आता एकदम अठ्ठ्याण्णव?

"पेपर तूच दिलास न्हवं?"

ती आधी हसली, मग हसू थांबलं. "मग कोण देणार?"

"इचारलं आपलं."

पण डोक्यातून जाईना. निकाल लागला तरी पोरगी रोज नऊच्या बसनं 'क्लासला' जातच होती. दुसऱ्या दिवशी जोतीरामांनी गडमुडशिंगीतल्या घरून मोटरसायकल काढली आणि कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला तो क्लास गाठला. तिथल्या सरांनी कॉम्प्युटरवर नाव शोधलं.

"ही आमची विद्यार्थिनी नाही. गेल्या वर्षी आली होती, मार्कलिस्ट बघून नको म्हटलं. असली पोरं आमचा निकाल खाली ओढतात."

जोतीराम गाडीपाशी परत आले. मग वर्षभर ही जात होती कुठं?

तिसऱ्या दिवशी ते बसच्या मागोमाग निघाले. राजनंदिनी राजारामपुरीत उतरली, क्लासवरून सरळ पुढं गेली आणि एका बोळातला जिना चढली. थोडं थांबून तेही चढले. वर अभ्यासिका होती. दाराशी बसलेल्या, अभ्यासिका सांभाळणाऱ्या पद्मजाताईंनी विचारलं, "कोण पाहिजे?"

"राजनंदिनी. माझी पोरगी."

"ती काय खिडकीपाशी. वर्षभर तीच जागा. घड्याळ माझ्याकडं देऊन पेपर सोडवायची. वेळ संपली की ओढूनच घ्यावा लागायचा."

तेवढ्यात तिनं वर बघितलं. उठून जिन्यात आली.

"माझ्या मागनं आलासा?"

"क्लासचं खोटं का सांगिटलंस?"

"क्लासनं घेतलं न्हाय म्हटलं असतं, तर तुमी फॉर्मच भरू दिला नसता."

"आन् ते शेहेचाळीस?"

"बी.एस्सी. तुमी घ्यायला लावलासा, आबा. हे मी घेतलं."

जोतीरामांनी खाली बघितलं. तिच्या हातातलं पुस्तक पहिल्या वर्षाच्या करार कायद्याचं होतं.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला कोल्हापुरातलंच कॉलेज मिळालं. कागदपत्रं तपासताना क्लार्कनं दोन्ही गुणपत्रिका शेजारी ठेवल्या. "एवढा फरक कसा काय?"

जोतीराम खुर्चीतून उठायला लागले. तिनं त्यांचा हात दाबून खाली बसवलं.

"पात्रतेला पंचेचाळीस लागतात, सर. मला शेहेचाळीस हायेत. बाकी सगळं सीईटीवर ठरतंय."

क्लार्कनं शिक्का मारला.

गाडीवरून परत येताना पेपरविषयीचा संशय त्यांच्या मनात उरला नव्हता. पण एवढं वर्षभर पोटात ठेवणाऱ्या पोरीनं आणखी काय काय ठेवलं असेल? विचारावंसं फार वाटलं. पण 'पेपर तूच दिलास न्हवं?' असं आधी जे विचारून बसले होते, त्याचंच अजून काही मिटलं नव्हतं.

"नीट धरून बस," एवढंच ते म्हणाले.

एरवी ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवायची. आज तिनं सीटमागचा दांडा धरला.