कवळीतली खाच

"घ्या परत," आनिएल्लो मास्तर म्हणाले आणि रुमालाची पुरचुंडी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमचे दात. खुनी आहेत ते."

मी पुरचुंडी सोडली. आत महिन्यापूर्वी मीच केलेली वरची कवळी होती, एक ओरखडा नसलेली.

"कोणाचा खून केला त्यांनी?"

"पुल्चिनेल्लाचा."

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. दोघांनी पटकन छातीवर क्रूस काढला. एकाने अर्धवट थट्टेत, पण दुसऱ्याने अगदी मनापासून. आमच्या नेपल्समध्ये पुल्चिनेल्ला मेला असं गमतीतसुद्धा कोणी म्हणत नाही. ढगळ पांढरा सदरा, काळा मुखवटा, बाकदार नाक आणि पोटात कायमची भूक, असा हा आमचा विदूषक. त्याला शिपाई धरतात, फासावर चढवायला नेतात, शेवटी साक्षात मृत्यू न्यायला येतो. तो सगळ्यांना दांडक्याने बडवतो आणि पुन्हा मॅकरोनी खायला बसतो.

मास्तर एक्केचाळीस वर्षं दर रविवारी विहिरीच्या चौकात निळ्या पट्ट्यांची उभी कनात लावत. आत ते एकटेच. उजव्या हातात मोज्यासारखा चढवलेला पुल्चिनेल्लाचा बाहुला, डाव्या हातात आलटून पालटून उरलेलं सगळं जग. पुल्चिनेल्लाचा आवाज मात्र नुसत्या गळ्यातून निघत नाही. त्यासाठी नखाएवढी पिपाणी लागते. पत्र्याच्या दोन चकत्या, मध्ये ताणलेली फीत, वरून दोरा. ती टाळूला लावून जिभेने दाबली की नुकतं अंडं फोडलेलं पिल्लू भांडायला उठलं आहे असा आवाज येतो. त्यातलं निम्मं कोणाला कळत नाही. म्हणून कनातीबाहेर एक माणूस उभा राहतो आणि लोकांच्या वतीने विचारतो, "काय म्हणालास? बायको हवी? तुला कोण देणार रे बायको?" मास्तरांच्या खेळात हे काम छत्तीस वर्षं त्यांच्या बायकोने, नुन्झियाबाईंनी केलं. पुल्चिनेल्ला लग्नाची मागणी घालायचा आणि त्या कमरेवर हात ठेवून त्याला झापायच्या. घरीही बहुधा तेच चालत असावं.

आता माझं सांगतो. मी कवळ्या करणारा कारागीर. लोक मला डॉक्टर म्हणतात, पण आमच्याकडे चष्मा आणि स्वच्छ शर्ट असला की कोणीही डॉक्टर होतो. मास्तरांच्या मुलीचं, इमाचं, लग्न ईस्टरनंतर ठरलं होतं. मुलगा तोरिनोचा, बँकेतला. "त्या उत्तरेकडच्या लोकांच्या फोटोत ह्यांचं तोंड रिकाम्या पाकिटासारखं दिसायला नको," म्हणून नुन्झियाबाई नवऱ्याला माझ्याकडे घेऊन आल्या. वरच्या जबड्यात चारच दात उरले होते, तेही किडके. मी माप घेतलं आणि ऐटीत सांगितलं, हे चार काढल्याशिवाय कवळी बसणार नाही. शेजारच्या दंतवैद्याने ते काढले.

पिपाणी त्या चार दातांच्या आधाराने जागेवर राहत होती. हे मला ठाऊक नव्हतं. एक्केचाळीस वर्षांत मास्तरांनाही कधी जाणवलं नव्हतं.

"कवळी घातली तर आवाज फुटत नाही," मास्तर स्टुलावर बसत म्हणाले. "काढली तर पिपाणी थेट घशात. ह्या आठवड्यात चार गिळल्या."

"चार?"

"अख्ख्या आयुष्यात सात गिळल्या होत्या, डॉक्टर! आमच्यात गिळल्याशिवाय कोणी मास्तर होत नाही, ते ठीक आहे. परत आलेली पिपाणी धुतली की शुभ मानतात, तेही ठीक. पण एका आठवड्यात चार? नुन्झिया म्हणते, आता खेळ कशाला करतोस, लोकांना नुसतं पोटाला कान लावायला सांग."

गिऱ्हाइकं हसली. मास्तरही हसले, पण त्यांचा हात टेबलावरच्या कवळीकडे जायला धजत नव्हता. नऊ दिवसांवर कार्निव्हलचा रविवार होता. त्या दिवशी पुल्चिनेल्ला चौकात दिसला नाही तर म्हातारी माणसं ते वर्ष हिशेबातच धरत नाहीत.

"मास्तर," मी म्हणालो, "पाप माझं आहे. कवळी इथेच ठेवा. एक पिपाणीही द्या. धुतलेली."

मी कवळीच्या टाळूत खाच कोरायला घेतली. हे काम आधी कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. पिपाणीचा ठसा मेणात घेतला, तेवढंच घर कवळीत कोरलं, कडा घासल्या. मंगळवारी दोघं नवरा-बायको आले. मास्तरांनी कवळी बसवली, पिपाणी खाचेत ढकलली, डोळे मिटले आणि फुंकलं.

आवाज आला! शेजारचा शिंपी दारात धावत आला. मी टेबलावर हात आपटला. "बोलला! बोलला की नाही?"

नुन्झियाबाईंनी मान हलवली. "बोलला. पण हा पुल्चिनेल्ला नाही. हा नोटरी आहे."

खरंच होतं ते. सुरेख, स्वच्छ, शिकलेला आवाज. असा पुल्चिनेल्ला कोणाला दांडकं मारण्याआधी अर्ज करील.

"उजवीकडे जरा जास्त घासा, डॉक्टर," बाई म्हणाल्या. मी घासलं. "आता पाद्री झाला." आणखी घासलं. "आता पाद्र्याची बहीण." शिंपी पोट धरून हसत होता. मास्तरांच्या कपाळावर घाम जमला होता. पाचव्या खेपेला त्यांनी फुंकलं तेव्हा नुसती हवा आली, कुणीतरी दमून उसासा टाकावा तशी.

"अरे असा नाही, आनिए!" बाईंचा संयम सुटला. "इतकी वर्षं काय केलंस? मागून आण, मागून! थांब, दाखवते."

त्यांनी पर्समधून स्वतःची पिपाणी काढली, तोंडात टाकली, आणि माझ्या दुकानात पुल्चिनेल्ला आला.

तोच. भुकेला, बेरकी, रडवेला, चावट. तो शिंप्याला म्हणाला की तुझी विजार तूच शिवलीस का, मग देव तुझं भलं करो. शिंपी हसला नाही. त्याने डोक्यावरची टोपी काढली. मी मास्तरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

बाईंनी पिपाणी तळहातावर काढून घेतली. "कधीपासून म्हणजे? तुझ्या पिपाण्या बांधतं कोण? फीत कोण ताणतं? बांधलेली पिपाणी नीट लागली की नाही हे वाजवून कोणी बघायचं, शेजारणीने?"

"छत्तीस वर्षं?"

"तू मला एकदा तरी विचारलंस का?"

मास्तरांनी कवळी काढून टेबलावर ठेवली, टोपी घातली आणि निघून गेले. नुन्झियाबाई मागोमाग गेल्या नाहीत. त्या स्टुलावर बसून राहिल्या.

"बाईच्या तोंडात पिपाणी जाऊ नये म्हणतात," त्या म्हणाल्या. "त्याच्या बापाने त्याला शपथ घातली होती. मला माहीत होतं. म्हणून तर बोलले नाही." मग रुमालाने नाक पुसून त्यांनी विचारलं, "डॉक्टर, चांगला झाला होता ना पण?"

"बाई, मी रडायचाच बाकी होतो," मी म्हणालो. ते खरं होतं.

गुरुवारी मला राहवेना. कवळी खिशात घालून मी त्यांच्या घरी गेलो. विचार केला होता, खाच बुजवून देतो म्हणून सांगावं, माफी मागावी आणि निघावं. इमाने दार उघडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मंगळवारपासून बाबा आईशी बोललेले नाहीत. मला सांगतात, 'आईला सांग मीठ दे.' आई बाजूलाच बसलेली असते!"

मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते, समोर कॉफी. त्यांनी मला मानेने बसायची खूण केली. नुन्झियाबाई आमच्याकडे पाठ करून ओट्याशी भाजी निवडत होत्या.  आणि मग ओट्याकडून पुल्चिनेल्ला बोलला.

"ए म्हाताऱ्या! कॉफी गार झाली. पितोस, की मी पिऊ?"

मास्तर हलले नाहीत. चेहराही हलला नाही. पण टेबलावरचा त्यांचा उजवा हात हळूच उचलला गेला. पहिलं बोट ताठ झालं, ते डोकं. अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना आली, ते हात. त्या उघड्या हाताने कॉफीच्या कपाकडे बघितलं, इकडे तिकडे बघितलं आणि कपात वाकून नाक बुडवलं.

"आई गं! साखरच नाही!" पुल्चिनेल्ला ओट्याकडून ओरडला. हात थयथयाट करू लागला. बाईंनी मागे वळून बघितलंसुद्धा नव्हतं. छत्तीस वर्षं तो हात कनातीच्या काठावर बघितला होता त्यांनी. तो केव्हा काय करील हे त्यांना बघावं लागत नव्हतं.

इमाच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर स्वतःच्या हाताकडे बघत बसले, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग म्हणाले, "नुन्झी, इकडे ये."

त्या एप्रनला हात पुसत आल्या.

"कनातीत दोघं मावणार नाहीत."

"लाझान्या तू कमी खा मग."

"थट्टा नको. दोघं मावणार नाहीत, आणि आवाज एकाचा, हात दुसऱ्याचा असा पुल्चिनेल्ला चालत नाही. दम एकच लागतो. आवाज तुझा असेल तर हातही तुझाच पाहिजे." त्यांनी खुंटीवरचा बाहुला काढला, क्षणभर त्याच्या सदऱ्याची चुणी नीट केली आणि बाईंच्या हातात घातला. "बापाला मी काय सांगायचं ते सांगीन, भेटेन तेव्हा. मनगट वर. वर! पोळी लाटायची नाहीये!"

मी कवळी पुढे केली. "मास्तर, खाच बुजवून देऊ का? तासाभराचं काम आहे."

त्यांनी कवळी घेतली, उलटी करून ती खाच बघितली आणि तोंडात बसवली.

"राहू द्या," ते म्हणाले. खाचेमुळे शब्दाबरोबर बारीकशी शीळ आली. इमा फिसकन हसली. पुढे लग्नातही ती शीळ वाजली आणि तोरिनोच्या मंडळींना तो आमच्याकडचा आशीर्वाद वाटला.

कार्निव्हलचा रविवार उजाडला तो लख्ख. चौकात राजे, राण्या, चाचे बनलेली पोरं कागदाचे रंगीत तुकडे उधळत होती. घराघरांतून लाझान्याचा वास येत होता. निळ्या पट्ट्यांची कनात नेहमीच्या जागी, विहिरीला पाठ करून उभी होती. फक्त आज बाहेर नुन्झियाबाईंच्या जागी मास्तर उभे होते, इस्त्रीचा कोट घालून, तोंडात माझे दात.

लोकांत कुजबुज झाली. "आत कोण आहे मग?" एक म्हातारा मला कोपराने ढोसत म्हणाला. मी खांदे उडवले. 

कनातीच्या काठावर काळं नाक वर आलं. मग मुखवटा, मग पांढरा सदरा. पुल्चिनेल्लाने चौक डावीकडून उजवीकडे बघितला, मास्तरांवर येऊन थांबला आणि विचारलं, "तू कोण रे?"

मास्तरांनी उत्तर द्यायचं होतं. तीन दिवस पाठ केलं होतं. पण ते बोलेनात. ते नुसते वर बघत होते. माझ्या तेव्हा लक्षात आलं. एक्केचाळीस वर्षं हा माणूस कनातीच्या आत, खाली उभा होता, हात डोक्यावर धरून. पुल्चिनेल्लाची पाठ, त्याच्या सदऱ्याची मागची शिवण, एवढंच त्यांनी बघितलं होतं. खेळताना तो समोरून कसा दिसतो हे चौकातल्या प्रत्येक पोराला ठाऊक होतं. त्यांनाच नव्हतं.

 पुल्चिनेल्ला काठावरून खाली वाकला आणि त्याने मास्तरांच्या डोक्यात दांडकं हाणलं. ठाप!

"अरे बोल की! एवढे दात कशाला बसवलेस?"

हशा असा उसळला की विहिरीवरची कबुतरं उडाली. मास्तरांनी टोपी काढली, पहिल्यांदाच ओळख झालेल्या बड्या माणसापुढे काढावी तशी.

"नमस्कार," ते म्हणाले. शीळ वाजली. "मी आनिएल्लो. तुमच्याबद्दल फार ऐकून आहे."

पुढचा खेळ मी सगळा बघितला. नुन्झियाबाईंचे हात कच्चे होते. कुत्र्याचा बाहुला उलटा वर आला, फासाचा दोर दोनदा घसरला. पण मास्तर बाहेरून असं काही बोलत होते की लोकांना ते मुद्दामच वाटलं. आवाजाला तर तोडच नव्हती. माझ्या शेजारचा म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "मास्तरने कोणीतरी पठ्ठ्या तयार केला बघा." मी त्याला काही सांगितलं नाही. ते खेळ संपल्यावर कनातीतून घामाघूम बाहेर येऊन नुन्झियाबाईंनी स्वतःच सांगायचं होतं.

शेवटी मृत्यू आला. पांढरी कवटी, काळं कापड. पुल्चिनेल्ला थरथरला, विनवण्या करू लागला, आणि मग त्याने दांडकं उचललं. पोरं मोजू लागली, एक, दोन, तीन. मास्तर हसत होते, तोंडभर, माझा एकेक दात दाखवत. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशात होता. आणि प्रत्येक फटक्याला तो खिसा आतून उचलला जात होता.