आतला नाद आणि दोन मिलिमीटर

सभागृहाच्या दारापासून पार रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती आणि रांगेतल्या प्रत्येकाजवळ एक वाद्य होतं. कुणाची गिटार, कुणाचा जाड तारांचा बास गिटार, एका आजोबांचं मेंडोलिन. बोटं दुखणारे, मनगटं आखडलेले, औषधांना विटलेले असे सगळे नादगुरूंच्या दारी आले होते. गुरूंची पद्धत फार सोपी. दुखऱ्या हाताला ते बोटसुद्धा लावत नसत. वाद्य घ्यायचं, आतल्या खोलीत जाऊन दार लावायचं, तासाभरानं बाहेर यायचं आणि म्हणायचं, "वाजव. हात मोकळा केलाय." आणि माणूस वाजवायचा, दुखायचं नाही! मग टाळ्या, रडारड, पायांवर डोकी.

आत, सभागृहाच्या मागच्या रांगेत वाद्यदुरुस्तीवाला दादा दात-ओठ खात उभा होता, कारण मंचावर त्याची धाकटी बहीण होती. सगळे तिला छोटी म्हणत. नाटकांच्या वाद्यवृंदात ती बास वाजवायची आणि त्यावरच तिचं पोट होतं. चार महिन्यांपासून तिचा डावा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत होती. डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं होतं, मनगटात नस दाबली गेलीय, छोटंसं ऑपरेशन करू, पण उशीर नको. अंगठ्याखालचं मांस आत्ताच ओसरायला लागलंय. ऑपरेशनच्या नुसत्या नावानं छोटीचं धाबं दणाणलं होतं. हात गेला तर आपण कोण, एवढंच ती विचारत राहायची.

गुरूंनी आतल्या खोलीतून परत आणलेला आपला बास तिनं वाजवायला घेतला. पाच मिनिटांत कळवळणारी छोटी अर्धा तास वाजवत राहिली आणि शेवटी हुंदके देऊन रडली. जाड तारेतून मध्येच एक खरखर येत होती. गुरू डोळे मिटून म्हणाले, "ऐका, हा आतला नाद. आजवर कोंडला होता. आणि मुली, त्या मनगटाला चाकू लागू देऊ नकोस, नाद गळून जाईल." सभागृहानं माना डोलावल्या. गळणाऱ्या नादाखाली बादली ठेवायची की नाही, हे कुणी विचारलं नाही.

छोटीनं ऑपरेशनची तारीख रद्द केली.

दादाच्या डोक्यातून मात्र ती खरखर जाईना. तीस वर्षं तो हेच ऐकत आला होता. तार फार खाली आली की धातूच्या पडद्यांना घासते आणि अशीच करवादते. तीन आठवडे छोटीनं त्याला बासला हात लावू दिला नाही. दुरुस्तीवाल्याचा हात लागला की गुण जातो, असं गुरूंनी बजावलं होतं. एकदा ती अंघोळीला गेल्यावर त्यानं बासची पेटी उघडली, बाराव्या पडद्यावर पोलादी पट्टी धरली आणि खालीच बसला.

हा बास अण्णांचा, म्हणजे दादा-छोटीच्या वडिलांचा. अण्णांचे पंजे दांडगे, ठोकून वाजवायचे, म्हणून त्यांना तारा उंच लागायच्या, जवळजवळ चार मिलिमीटर. आठ वर्षांपूर्वी अण्णा गेल्यावर दादा दरवर्षी नव्या तारा चढवायचा आणि उंची मोजून पुन्हा तिथेच आणायचा. अण्णांचं माप, त्याला कोण हात लावणार? आता पट्टी दोनाच्याही खाली दाखवत होती. घोडीवरच्या स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे होते. म्हणजे त्या लबाडानं किल्ली फिरवून तारा खाली घेतल्या होत्या. दाबायला जोर कमी, म्हणून कळ कमी. आणि हे काम आठ वर्षं दादानं करायला हवं होतं! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग भीती. तारा खाली आल्या होत्या, पण मनगटातली नस तशीच चिमटलेली होती.

छोटीला सांगितलं तर ती भडकली. गुरूंसमोर बोलून दाखव, म्हणाली. तेव्हा तिला आणि बासला घेऊन तो सभागृहात गेला आणि सगळ्यांसमोर गुरूंना म्हणाला, "दार न लावता इथेच करा. आम्ही मौन पाळतो."

गुरू म्हणाले, "शंकेखोरांसमोर नाद रुसतो."

"मग मी करतो."

त्यानं छोटीला प्रेक्षकांकडे तोंड करून डोळे मिटायला लावले, बास मागे नेला, खिशातली किल्ली फिरवली आणि तारा अण्णांच्या उंचीवर नेल्या. छोटीनं वाजवलं. तिसऱ्या मिनिटाला तिनं हात झटकला. पुन्हा बास मागे नेऊन त्यानं तारा खाली घेतल्या. या वेळी तिचा हात चालला. गुरू आपल्या आसनावरून हललेही नव्हते. रांगेतल्या एका गिटारशिक्षिकेनं सरळ जाऊन आतल्या खोलीचं दार ढकललं. टेबलावर तसल्याच स्क्रूच्या किल्ल्यांचा जुडगा होता आणि बारीक तारांची पाकिटं. आतल्या नादाचं साहित्य! गुरू संतापून काहीबाही बोलत मागच्या दारानं निघून गेले. काही जण तेव्हाही त्यांच्याच बाजूनं ओरडत होते.

"छोटे, बोटं सुन्न होणं थांबलं का?" दादानं विचारलं.

तिनं बास खाली ठेवला. "नाही. सकाळी बटणंही लावता येत नाहीत. बोललं तर श्रद्धा कमी पडते, असं गुरू म्हणाले. म्हणून नाही बोलले."

ऑपरेशन दुसऱ्याच आठवड्यात झालं. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. दोन बोटं परत येतील. अंगठ्याचं सांगता येत नाही, महिनाभर आधी यायला हवं होतं. छोटी त्या रात्री जेवली नाही. दादाही.

टाके निघाल्यावर ती दुकानात आली. दादानं बास तिच्या मांडीवर ठेवला, तिला वाजवायला लावलं आणि एकेक स्क्रू जरा जरा फिरवत, तार घासणार नाही आणि बोटही शिणणार नाही, अशी उंची शोधत राहिला. दर वेळी विचारत होता, आता कसं वाटतंय. मध्येच त्याचे डोळे भरून आले. अण्णांच्या मापाची मी पूजाच करत बसलो, म्हणाला.

"आठ वर्षांत तू हे एकदाही विचारलं नव्हतंस, दादा," छोटी म्हणाली. अंगठ्याचं टोक तिला अजून कळत नव्हतं.

तेव्हा वाचकहो, कुणी तुमचं दुखणं दाराआड बरं करतो म्हणाला, तर त्याला दार उघडं ठेवून करायला सांगा. तो गुरू असो, डॉक्टर असो, नाहीतर तुमचा सख्खा भाऊ. खरं काम उजेडात नासत नाही. आणि दुखतंय तोवर दुखतंय म्हणा. उशीर झाला की किल्ली कुणाच्याच हातात उरत नाही.